हॉर्न गप्प झाला तेव्हा

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा सगळं पुसून टाकलं, कारण बसमावशी म्हणाली होती, लिही हवं तर, पण कुणाची अब्रू काढू नकोस. आता ज्याची अब्रू काढायची नाही तोच गोष्टीच्या मधोमध पाय पसरून बसलाय, त्याला मी काय करू? पण काल तिच्याकडून निघाले आणि घरी पोचेपर्यंत डोक्यात हेच घोळत राहिलं. म्हटलं, होईल ते होईल, सांगून मोकळी होते.

तर बसमावशी. ती कुणाचीच सख्खी मावशी नाही आणि अख्ख्या शाळेची मावशी आहे. शाळेच्या बसमध्ये दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसते, प्रत्येक स्टॉपला आधी स्वतः उतरते, पोरांना दंडाला धरून चढवते, अडकलेली दप्तरं सोडवते, आणि कुणाला उलटी होणार हे त्याच्या तोंडाकडे बघून दोन चौक आधी ओळखून पिशवी पुढे करते. मागच्या सीटवर मारामारी चालली असेल तर ही नुसती मान वळवून "हं" म्हणते, की लगेच चार हात चार खिशांत. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणते, एवढी पोरं रोज सांभाळते, वर नवरा कोण सांभाळणार.

पोरांबाबत तिचं एक पक्कं शास्त्र होतं. पहिल्या दिवशी जे पोर गळा काढतं त्याची ती अजिबात काळजी करायची नाही. ते आठवड्याभरात खिडकीच्या जागेवरून भांडायला लागतं. पण जे मांडीवर हात ठेवून शहाण्यासारखं बसतं, ज्याचं आईबाप कौतुक करतात, त्याला ती उचलून थेट आपल्या शेजारी आणून बसवायची. रडणारं पोर सांगत तरी असतं काय होतंय ते, ती म्हणायची. गप्प पोर आतून कडी लावून बसलेलं असतं. हे मला ऐकून माहीत नाही. पहिलं वर्षभर मीच होते त्या शेजारच्या सीटवर.

आणि बस चालवायचा तो ड्रायव्हर. तो तिला ताई म्हणायचा. नुसतं म्हणायचा नाही, ताई होतीच ती त्याची. त्याच्या मुलीचं नाक फुटलं तेव्हा हिनेच तिला दवाखान्यात नेलं, त्याच्या बायकोचं बाळंतपण झालं तेव्हा हीच तिच्या उशाशी, आणि हिला ताप आला की तो बस गल्लीच्या तोंडाशी उभी करून औषधाची पुडी देऊन जायचा. एक गाडी, दोघं जण, आणि दिवसभर आरशातून एकमेकांच्या भुवया वाचायच्या. ती डावी भुवई उचलायची, तो गाडी हळू करायचा. इतकं साधं.

कुत्रा त्यानेच आणला. मावशी तेव्हा नुकतीच एकटी पडली होती. तिची आई गेली होती आणि तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत संध्याकाळ उतरली की ती मुद्दाम भांडी आपटत बसायची, तेवढाच आवाज. एके दिवशी ड्रायव्हर बसमधून एक तपकिरी, मोठं, एक कान दुमडलेलं जनावर घेऊन उतरला. सांगितलं, माझ्या ओळखीचं एक कुटुंब परदेशी चाललंय, त्यांचा आहे, गुणी आहे, जरा बुजरा आहे एवढंच. मावशी म्हणाली, बुजऱ्यांची मला सवय आहे.

बुजरा म्हणजे काय, तर पहिले कित्येक दिवस तो पलंगाखालून बाहेर आला नाही. झाडू उचलला की भिंतीला चिकटायचा. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला की गुरगुरायचा. मान खाजवायला हात नेला तर दात दाखवायचा, आणि तिथे, केसांच्या खाली, कातडी जाड आणि गुळगुळीत लागायची, जुनी भाजल्यासारखी. पण मावशीने घाई केली नाही. ती आपली जमिनीवर बसून भाजी निवडायची आणि त्याला बसमधल्या गमती सांगायची. मग एका सकाळी पोरांनी भरलेली बस तिच्या गल्लीतून नेताना ड्रायव्हरने नेहमीसारखा दोनदा हॉर्न वाजवला, आणि आतून उत्तर आलं. भॉ, भॉ. बरोबर दोनदा. बसमधली पोरं खिडक्यांतून लटकून हसायला लागली. ड्रायव्हरने परत वाजवला, आतून परत उत्तर. तेव्हापासून त्याचं नाव हॉर्न, आणि तेव्हापासून ती रोजची पद्धतच पडली. मावशी सांगते, घरी कुणीतरी वाट बघतंय हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

आता तो काही गरीब गाय नव्हता. अनोळखी माणूस दिसला की अंगावर जायचा. भीतीनेच, पण समोरच्याला ते काय कळणार. आणि एके सकाळी व्हायचं ते झालं. वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, इमारतीचे सेक्रेटरीही तेच. कचरा टाकायला खाली आले तरी गळ्यात टाय असतो, म्हणून सगळे त्यांना टायवाले म्हणतात. ते जिन्यात बुटाची नाडी बांधायला हॉर्नच्या अगदी समोर वाकले. हॉर्न गुरगुरला. त्यांनी लक्ष दिलं नाही. परत गुरगुरला. त्यांनी दुसरी नाडी सोडली. मग हॉर्नने त्यांचा हात धरला.

टाके पडले. टायवाले रागावले, आणि त्यांचं चुकलं असं मला तरी म्हणता येत नाही. हात त्यांचा होता. त्यांनी येऊन मावशीला सांगितलं की एखादा चांगला शिकवणारा गाठा, उन्हाळ्याची सुट्टी संपेपर्यंत हा कुत्रा वळणावर यायला हवा, नाहीतर इमारतीतून बाहेर. वळणावर म्हणजे नेमकं काय, मावशीने विचारलं. ते म्हणाले, आवाज नको.

झालं. मावशीने डोक्यात तेवढंच घेतलं. आवाज नको.

मग शोध सुरू झाला. शाळेतल्या पालकांना विचारून विचारून पहिला मिळाला तो असा की दारातून त्याची छाती आधी आत आली आणि मागून तो. हातात साखळी. हॉर्नला बघितल्या बघितल्या म्हणाला, याला मालक कोण ते कळलेलं नाही, आठवड्यात सरळ करतो. मावशीचा एक प्रश्न ठरलेला होता, तो तिने सगळ्यांनाच विचारला. तुम्हाला कधी कुत्रा चावलाय का? हा छाती काढून म्हणाला, "कुणाची टाप आहे?" मावशीने त्याला चहा दिला आणि दार दाखवलं. असले आईबाप तिने बसस्टॉपवर ढिगाने पाहिले होते.

दुसरी एक पोरगी. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, ढगळ शर्ट, केस कसेतरी बांधलेले. ती आत आलीच नाही. गेटबाहेरच्या पायरीवर हॉर्नकडे पाठ करून बसली आणि बसूनच राहिली. हॉर्न आतून घसा फुटेपर्यंत भुंकतोय आणि ही मधूनच खांद्यावरून उकडलेल्या अंड्याचा तुकडा मागे टाकतेय. मावशीला वाटलं, ही शिकवायला आलीये की सहलीला. वर तिचे प्रश्न. झोपतो कुठे, डॉक्टरांनी मान तपासलीये का, झाडूला का घाबरतो, आधी कुणाकडे होता, त्या लोकांचा नंबर मिळेल का. चावल्याचं विचारलं तर तिने बाही वर सारली. कोपराखाली दोन खुणा. "दोनदा. दोन्ही वेळा चूक माझी होती, त्याने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

मावशीला हे काही पटलं नाही. जिला स्वतःला दोनदा चावले ती दुसऱ्याच्या कुत्र्याला काय शिकवणार? आणि किती दिवस लागतील, तर सांगता येत नाही. खात्री देता का, तर नाही. फक्त जाताना गेटला हात लावून म्हणाली, "मावशी, तो भुंकतोय हे चांगलं आहे. बोलतोय तो. त्याचं बोलणं बंद करू नका." मावशीने दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिची नक्कल करून दाखवली, पाठ करून अंडं फेकायची, आणि ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात आपटून हसला.

मग तिने सहज विचारलं, अरे, त्या परदेशी गेलेल्यांचा नंबर दे ना, ती पोरगी मागत होती. ड्रायव्हर हसायचा थांबला. म्हणाला, त्यांचा इथला नंबर बंद झाला गं. आणि पुढच्या सिग्नलला आपणहोऊन म्हणाला, ताई, कुठे असल्या पोरीटोरींच्या नादी लागतेस, माझ्या माहितीत एक मास्तर आहे, मी उद्या घेऊनच येतो.

मास्तर आला. उंच, हळू बोलणारा, स्वच्छ कपडे, साबणाचा वास, बोटात किल्ल्या. ड्रायव्हर त्याच्या मागे उभा. हॉर्न नेहमीसारखा भुंकत दारापर्यंत धावला आणि अर्ध्या भुंकण्यातच थांबला. कुणीतरी वायर कापावी तसा. कान मागे गेले. मग हळूहळू खाली बसला, पोट जमिनीला, जिभेने सारखे ओठ चाटतोय, एक भलीमोठी जांभई दिली. किल्ल्या वाजल्या तरी गुरगुरला नाही. मास्तर जागचा हललासुद्धा नव्हता.

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. जो कुत्रा पोस्टमनची सावली सहन करत नाही तो या माणसाच्या पायाशी लोळण घेतोय. तिने विचारलं, तुम्हाला कधी चावलाय का कुणी? तो म्हणाला, "मला नाही चावत." अगदी साधेपणाने. फरशीवर थोडं ओलं झालं होतं. मावशी फडकं आणायला वळली, पण ड्रायव्हरने तोवर आपल्या रुमालाने पुसूनही टाकलं. म्हणाला, आनंदाने होतं गं असं.

तिथेच ठरलं. मावशीचं म्हणणं असं की मी कोण ठरवणारी, हॉर्ननेच निवडला.

मग एक दिवसाआड ती सकाळची फेरी संपवून हॉर्नला पट्टा लावायची आणि मास्तरच्या आवारापर्यंत चालत न्यायची. आत यायला तिला मनाई होती. मालक समोर असला की कुत्रा लाडावतो, मास्तर म्हणायचा. गेटशी पट्टा त्याच्या हातात द्यायचा आणि संध्याकाळी परत घ्यायचा. आणि खरंच, दोन आठवड्यांत हॉर्न सुधारला. जिन्यात कुणी आलं तर कोपऱ्यात उभा राहायचा. पोस्टमन आला, गप्प. शेजारची मुलं बॉल आपटत गेली, गप्प. टायवाले स्वतः खाली आले, लांबूनच त्याला न्याहाळलं आणि मावशीच्या हातात बिस्किटांचा पुडा ठेवून गेले. म्हणाले, याला म्हणतात शिक्षण.

फक्त एक झालं. सकाळच्या फेरीत ड्रायव्हरने गल्लीत दोनदा हॉर्न वाजवला आणि आतून काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पोरं विचारायला लागली, मावशी, तो झोपलाय का? ड्रायव्हरने तिसऱ्या दिवशी वाजवायचंच सोडून दिलं. मावशीला आत कुठेतरी खुपलं, पण तिने स्वतःलाच दटावलं, तुला आवाजही नको आणि उत्तरही हवं, दोन्ही कसं मिळेल?

आणि मग ती नवीन मुलगी आली. सुट्टीतले शिबिराचे वर्ग सुरू झाले होते, बस तेवढ्यापुरती चालू होती. आईने तिला बसमध्ये चढवलं आणि कौतुकाने म्हणाली, बघा किती शहाणी आहे, डोळ्यांतून टिपूस नाही. मुलगी मधल्या सीटवर बसली, मांडीवर हात, समोर बघत, पण कशाकडेच बघत नव्हती. मावशी सवयीने उठली, तिला उचलून आपल्याजवळ घेतलं आणि सवयीनेच तिच्या आईला म्हणाली, "रडली असती तर मी निर्धास्त झाले असते. गप्प आहे, म्हणून जवळ घेतेय."

बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं.

बस चालू झाली. मावशीचा हात त्या पोरीच्या पाठीवर होता. पाठ कशी, तर लाकडाच्या फळीसारखी. आणि मावशीला ती पाठ ओळखीची वाटली. गेले कित्येक दिवस रोज संध्याकाळी ती हीच पाठ कुरवाळत होती आणि मनात म्हणत होती, किती शांत झालाय माझा हॉर्न.

त्या दिवशी सगळी पोरं उतरवल्यावर ती घरी गेलीच नाही. सकाळी हॉर्नला आवारात सोडलं होतं, तशीच तिकडे चालत सुटली. गेट नुसतं लोटलेलं होतं. आत एका ओळीत पिंजरे, आणि एक बाई दोरीवर चादरी वाळत घालत होती. मास्तरची बायको. तिने मावशीला कधी पाहिलेलं नव्हतं. तिला वाटलं, राखणीचा कुत्रा बघायला गिऱ्हाईक आलंय. साहेब मागे आहेत, बोलावते, म्हणाली.

मावशीचं लक्ष शेवटच्या पिंजऱ्याकडे. हॉर्न आत होता, भिंतीकडे तोंड करून. दाराला कडी नव्हती, दार सताड उघडं होतं, आणि तरी तो आत होता.

तिने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, तो कसा आहे?

"तो नका घेऊ," ती बाई चिमटा दातात धरून म्हणाली. "तो आमचाच जुना आहे. राखणीला तयार केला होता, पण घाबरट निघाला. भाऊजी घेऊन गेले त्याला, शाळेची बस चालवतात ना, माझ्या बहिणीचे मिस्टर. कुठल्याशा एकट्या बाईला दिला होता. आता परत दिवसाचा इथे असतो. कंटाळली असेल बाई." आणि मग सहज, दाखवायचं म्हणून, तिने हाक मारली, "ए चौथ्या." चौथ्या पिंजऱ्यातला म्हणून चौथ्या. हॉर्नने मागे वळून पाहिलं नाही. फक्त आणखी खाली गेला.

मावशी मला सांगत होती की त्या वेळी तिला राग आला नाही, रडू आलं नाही, फक्त एक गोष्ट परत परत डोक्यात येत राहिली. कुठल्याशा एकट्या बाईला. त्या ड्रायव्हरच्या बायकोच्या उशाशी ती बसली होती. ती या बाईची बहीण, म्हणजे तिलाही माहीत होतं. जेवायला बोलावलं तेव्हा, हॉर्नचं कौतुक केलं तेव्हा, सगळ्या घराला माहीत होतं. कुटुंब नाही, परदेश नाही. सगळं त्या रुमालात पुसून खिशात घातलेलं.

तिने पिंजऱ्यात जाऊन पट्टा लावला. मास्तर तोवर मागून आला होता. त्याने अडवलं नाही, आवाजही चढवला नाही. "न्या. पण परत भुंकायला लागला तर माझ्याकडे आणू नका." मावशी पट्टा धरून चालू लागली. मास्तरशी तिचं नातंच नव्हतं, त्याच्यावर रागवायचं तरी कशाला.

ज्याच्याशी होतं तो दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर बसला होता. शेवटचं पोर उतरलं, दार बंद झालं, आणि मावशीने आरशात भुवई उचलली. त्याने गाडी कडेला घेतली. तिने सगळं सांगितलं, म्हणजे फक्त एवढंच, की मी आवारात जाऊन आले, तुझी मेव्हणी चादरी वाळत घालत होती.

त्याने इंजिन बंद केलं.

"साडू त्याला लांब कुठेतरी सोडून येणार होता, ताई," तो म्हणाला. "मी वाचवलं त्याला."

"वाचवलंस. मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर घेतला नसतास."

"घेतला असता," मावशी म्हणाली. "तू मला एवढी वर्षं बघतोयस आणि तुला एवढं कळलं नाही?"

त्याने स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली. म्हणाला, ती पोरगी खोदून खोदून विचारत होती, एक ना एक दिवस तुला कळलं असतं, तू माझं तोंड पाहिलं नसतंस. वाटलं, साडूचंच जनावर आहे, तोच ठीक करेल, तुझं घरही राहील आणि विषय मिटेल.

"मिटला की. आता तो काही बोलतच नाही."

"ताई..."

"मी माझ्या हाताने नेत होते रे त्याला. गेट आलं की तो एकदा मान वर करून माझ्याकडे बघायचा. मला वाटायचं, जाऊ का म्हणून विचारतोय."

एवढं बोलून ती दाराजवळच्या सीटवरून उठली आणि मागे, शेवटच्या सीटवर जाऊन बसली. तिला कामावर लागल्यापासून त्या सीटवर कुणी पाहिलं नव्हतं.

त्या पोरीला फोन करायला मावशीला दोन दिवस लागले. नक्कल आठवायची ना. पण ती पोरगी आली, परत त्याच पायरीवर पाठ करून बसली, आणि या वेळी आतून काहीच आवाज आला नाही तेव्हा तिने तोंड हातांत धरलं. म्हणाली, मावशी, आता हा आधीपेक्षा धोक्याचा आहे. आधी सांगून चावत होता. सांगितल्याबद्दल त्याला मार बसलाय, आता न सांगता चावेल, तुम्हालाही. मग तोंडाला मऊ जाळीचं मुसकं, तेही खाऊ देत देत, त्याने आपणहोऊन नाक घालेपर्यंत वाट बघून. डॉक्टरांकडे मानेचं औषध. खिडकीला पडदा. झाडू मोरीत लपवलेला. आणि शिकवायचं काय? तर काहीच नाही. मावशी चक्रावली. काहीच नाही, पोरगी म्हणाली, आधी त्याला कळू दे की इथे नाही म्हटलेलं चालतं.

मावशी स्वतःला बोल लावत राहिली. ड्रायव्हरने मला फसवलं, ती म्हणते, पण हॉर्नला मी फसवलं. माझं शास्त्र मला पाठ होतं, मुलांसाठी. जी गोष्ट हवी होती तिच्यापुढे मी ते विसरले.

मग एका दुपारी ती हॉर्नचं भांडं उचलायला वाकली आणि तो गुरगुरला. बारीकसा, घशातल्या घशात, जुन्या पंख्यासारखा. मावशीने हात मागे घेतला. "बरं बाबा, राहू दे," म्हणाली, आणि तिथेच ओट्याला टेकून बसली आणि रडली, हसली, परत रडली. हॉर्न तिच्याकडे बघत राहिला, मग जेवायला लागला.

भुंकणं परत आलं तसे टायवाले जिना उतरून आले. तो गप्प होता तेव्हा बरा होता, त्यांचं म्हणणं. मावशी त्यांना म्हणाली, "साहेब, त्या दिवशी तो तुम्हाला दोनदा नको म्हणाला होता. आता परत म्हणायला लागलाय. तुम्ही फक्त ऐका." टायवाले आपल्या हाताकडे बघत उभे राहिले. मग टाय सैल केला, जे मी तरी कधी पाहिलेलं नाही, आणि म्हणाले, सुट्टी संपण्याची मुदत तीच. त्या दिवशी मी स्वतः या जिन्यातून त्याच्यासमोरून चालत जाईन. मुसकं घातलेलं असू दे, भुंकला तरी एक वेळ चालेल. अंगावर आला तर मात्र माझा नाइलाज आहे. आणि मग, जरा ओशाळून, नाडी घरूनच बांधून येईन.

तर आता मुदत आहे आणि काम अर्धं आहे. ड्रायव्हरशी मावशी बोलत नाही. बस तीच, माणसं तीच, पण मधली पोरं निरोप पोचवतात, मावशी म्हणतायत दार उघडा, ड्रायव्हरकाका म्हणतायत उघडतो. पोरांना तो खेळ वाटतो. त्याने एकदा गल्लीत उतरून माफी मागायला तोंड उघडलं होतं. मावशी म्हणाली, मुलं उशिरा पोचतील, चल. परवा तिला सोडून बस वळत होती, हॉर्न वाजवलेला नव्हता, नुसतं इंजिन, आणि आतून आवाज आला. भॉ, भॉ. ड्रायव्हरचा हात हॉर्नपाशी गेला आणि तिथेच थांबला. मावशीने ते पाहिलं. कुलूप उघडून ती आत गेली.

आता माझं काम. ती शिकवणारी पोरगी म्हणते की हॉर्नला माणसं हवीत. अनोळखी, मोठी, निरनिराळ्या चालीची आणि आवाजाची, जी येतील, थोडा वेळ बसतील, त्याला काही करणार नाहीत आणि निघून जातील. एवढंच. असं पुष्कळदा झालं तर त्याला खरं वाटेल. मावशीला विचारलं, कोण येईल तुमच्याकडे, तर ती म्हणाली, माझ्याकडे कोण येणार? मीच सगळ्यांना त्यांच्या दारात पोचवलंय.

म्हणून सांगते, जा. तिच्या बसमधून गेला असाल तर जाच, आणि नसाल तर तुम्ही त्याच्या जास्त उपयोगाचे. बेल वाजवू नका, किल्ल्या खिशात ठेवा, नाडी घरून बांधून जा. गेटबाहेरच्या पायरीवर त्याच्याकडे पाठ करून बसा. तो भुंकेल. घाबरू नका, गप्प म्हणू नका, मागे बघू नका. मावशी चहा आणून देईल आणि बसमधल्या गमती सांगेल. मी काल बसून आले. अर्ध्या कपापर्यंत तो भुंकत होता, मग पाठीमागे श्वास ऐकू आला, अगदी जवळ.

फक्त सुट्टी संपायच्या आत जा. या आठवड्यातच जा.